जड पानाचा भाव

कारंजा (लाड)
दि. २८ एप्रिल १९७५

राजमान्य राजश्री खेमचंदभाऊ यांस,

कारंज्याहून लखमीचंदचा सप्रेम जयजिनेंद्र.

आम्ही सगळे इथे धडधाकट आहोत. (हे वाक्य पत्राची रीत म्हणून लिहिलेलं नाही. ते का लिहावं लागलं हे पुढे येईलच. तूर्त एवढंच, की आमच्या खानदानात कोणालाही काहीही झालेलं नाही आणि कोणी विचारलं तर तुम्हीही असंच सांगावं.) सौ. कंचनवहिनींचा गुडघा आता कसा आहे? पोहरादेवीच्या यात्रेत यंदा गर्दी चांगली होती असं ऐकलं, तेव्हा मानोऱ्याच्या तुमच्या दुकानात माल शिल्लक राहिला नसेल असं धरून चालतो. तुमच्याकडचं ऊन आमच्यापेक्षा अंमळ कमी असावं, कारण आमच्यापेक्षा जास्त ऊन असणारं गाव मला माहीत नाही.

पाच वर्षांनी या माणसाला आपली आठवण कशी झाली, असं तुमच्या मनात आलं असेल. तर हे पत्र लग्नाच्या जेवणाच्या भावाबद्दल आहे, दुसऱ्या कशाबद्दलही नाही. थोरल्या पद्माच्या लग्नात तुमच्या-माझ्यात जे झालं त्यावर मी एक अक्षरही लिहिणार नाही. तुम्ही पंगतीत जिलेबी खात बसला होतात, मी वाढप्यांवर लक्ष ठेवून उभा होतो, माझ्या तोंडून सगळ्यांसमक्ष "मेहुणे, बावीस झाल्या" असं निघून गेलं, तुम्ही तिथल्या तिथे हात आखडलात, ताट धुऊन ते पाणी प्यालात (अन्नाचा कण वाया न घालवण्याचा आपला नेम रागातसुद्धा न मोडता, हे मी तेव्हाही मनात म्हटलं होतं), साडेतीनच्या एस.टी.ने निघून गेलात आणि तेव्हापासून आमच्या घरचं पाणी प्यालेला नाहीत, हे सगळं तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. ते उगाळण्यात अर्थ नाही. फक्त एक सांगतो. मी कापडाचा माणूस. चाळीस वर्षं हातात गज धरलेला आहे. मोजणं हा माझ्या हाताला जडलेला रोग आहे. मंदिरात जातो तर पायऱ्या मोजतो, रात्री झोप आली नाही तर छताची कडीपाटं मोजतो. तेव्हा ती नुसती मोजणी होती, त्यात टोमणा नव्हता. पण म्हटलं ना, त्याबद्दल लिहायचं नाही.

धाकट्या त्रिशलाचं लग्न तीस मे रोजी ठरलं आहे, हे तुम्हाला पत्रिकेवरून कळलं असेल. मुलगा वाशीमचा, व्याही माणिकचंदजी, माणसं चांगली. पत्रिका तुम्ही ठेवून घेतलीत, परत पाठवली नाहीत, यावर गुलाबबाईने, तुमच्या बहिणीने, घरात आशा धरली आहे. मामाशिवाय पोरीला मांडवात आणणार कोण, हा प्रश्न ती रोज सकाळी चुलीपाशी विचारते आणि मी रोज सकाळी दुकानात निघून जातो.

तर भावाबद्दल. आमच्याकडे सध्या इंद्रभान नावाचा एक आचारी पुढे आला आहे. धनजचा आहे, शेतकऱ्याचं पोर, पूर्वी एका मोठ्या आचारी महाराजांच्या हाताखाली भट्टीवर राबायचा. आता त्याने स्वतःचा ठेका सुरू केला आहे. आपण आजवर सामान घरचं आणि आचाऱ्याला मजुरी, असं करत आलो. हा म्हणतो सामान माझं, भांडी माझी, माणसं माझी, तुम्ही फक्त पानामागे पैसे द्या. मला ही कल्पना आवडली, कारण आजवरच्या प्रत्येक लग्नात डब्यातलं तूप कुठे जातं हे मला कधी कळलेलं नाही. आपलं जेवण कसं लागतं हेही त्याला ठाऊक आहे. कांदा, लसूण, बटाटा नाही, पाणी गाळलेलं आणि दिवस मावळायच्या आत शेवटची पंगत उठलेली. (फक्त सूर्यासाठी तो दोन माणसं जास्तीची लावतो आणि त्यांची मजुरी आपल्याकडून घेतो. मी म्हटलं सूर्य रोजच मावळतो, त्याचे पैसे कसले? तो म्हणाला, रोज मावळतो, पन रोज तुमच्या घरी तीनशे लोक नसतात.)

पण त्याची एक पद्धत अशी विचित्र आहे की ती मी आजवर कुठल्याही धंद्यात पाहिलेली नाही. मी त्याला विचारलं, पानाचा भाव काय? तर तो गादीपुढे मांडी घालून बसला आणि म्हणाला, "भाव मंग सांगतो शेटजी. पयले खानारे कोन ते सांगा." त्याच्या हिशेबात पानं तीन तऱ्हेची. जड पान चार रुपये, मधलं तीन, हलकं दोन. जो दाबून जेवतो त्याचं पान जड, म्हाताऱ्या-कोताऱ्याचं हलकं. पाच वर्षांखालच्या पोरांना पैसे नाहीत. पण पोरगं आईच्या पानात जेवतं म्हणून आईचं पान जड. नव्या नवरीच्या मैत्रिणी लाजतात म्हणून हलक्या, पण त्यांना पाहायला आलेल्या पोरांच्या आया जड, कारण त्या बसतात फार वेळ. यासाठी त्याला पाहुण्यांची यादी नावानिशी पाहिजे आणि प्रत्येकाची भूक पाहिजे. दुपारचं दुकान बंद करून मी यादी वाचली आणि त्याने बोटांनी खडूचे ठिपके फरशीवर काढले.

आता तुम्ही धंदेवाईक माणूस आहात, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं ते मनाशी विचारा. समोरचा म्हणतो, कमी खाणाऱ्याचे दोन रुपये. मग आपल्या खानदानात जास्त खाणारं कोण असणार? मी अमरावतीच्या चुलतभावांना मधुमेह लावला. त्यांच्या बायकांना पित्त लावलं. अकोल्याच्या मावशीला दमा, तिच्या दोन्ही सुनांना ग्रहणी. रिठदच्या मंडळींना काय लावावं ते सुचेना, तेव्हा ते सगळे एकाशन करतात असं सांगितलं आणि एकाशन करणारा माणूस एकदाच बसतो पण भरपूर खातो हे इंद्रभानच्या ध्यानात आल्यावर त्यांनाही पित्तात ढकललं. आमच्या चंदाबाई आत्या, वय चौऱ्याहत्तर, त्यांच्या तोंडात एकही दात नाही असं सांगून टाकलं. ठिपके हलक्याच्या रांगेत असे भरत गेले की मला कापसाचा भाव चढल्यासारखा आनंद झाला. यादी संपली तेव्हा इंद्रभानने हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाला, "शेटजी, एवढं दुखनं हाये घरात, अन् तुमी कोनाले बोल्ले नाई." त्याचे डोळे खरोखरच ओले झाले होते. मला थोडं लाजल्यासारखं झालं, पण दोन रुपयांचा भाव ठरला होता, म्हणून मी मान खाली घालून बसलो.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते माझ्यासाठीच. इंद्रभान चांगला माणूस निघाला, हीच अडचण झाली. तीनशे आजारी माणसांना जिलेबी आणि कढी कशी वाढायची या चिंतेने तो त्या रात्री जेवला नाही आणि सकाळी उठून आमच्या गावच्या वैद्यबुवांकडे गेला. अमुक इतक्यांना मधुमेह, अमुक इतक्यांना पित्त, दम्याचे इतके, तर लग्नात काय रांधावं, असं त्याने नीट विचारलं. वैद्यबुवांनी त्याला मुगाचं पातळ वरण, दुधीची भाजी आणि ज्वारीच्या लाह्या सांगितल्या. तो कागद घेऊन इंद्रभान माझ्याकडे आला आणि म्हणाला, याच्यात अजून चार आणे कमी होतात. (मी क्षणभर विचारात पडलो होतो, हे तुमच्या बहिणीला सांगू नये.) पण खरं संकट वेगळंच. वैद्यबुवा हे माणिकचंदजी व्याह्यांचे मावसभाऊ लागतात. मला हे माहीत होतं, पण आचारी वैद्याकडे जाईल हे माहीत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळच्या गाडीने व्याही हजर. पत्र नाही, निरोप नाही. गादीवर टेकले, पाणी पुढे केलं तर तांब्याला हात लावला नाही. इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या, सरकीचे भाव विचारले, आणि मग म्हणाले की आमच्या कानावर काही गोष्टी आल्या आहेत, लग्नाआधी मोकळेपणाने बोललेलं बरं. मी काय बोलणार? आजार खोटे म्हणावं तर मी आचाऱ्याला फसवलं, आणि खरे म्हणावं तर पोरीचं लग्न मोडलं. आतल्या खोलीत गुलाबबाईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या, त्यावरून तीही दाराआड येऊन उभी आहे हे कळलं. त्रिशलाही तिथेच असणार. खेमचंदभाऊ, सौद्यात मला कधी भीती वाटलेली नाही, पण त्या घटकेला वाटली. पानामागे रुपया-दोन रुपयांच्या नादात मी पोरीचं बाशिंग उतरवायला निघालो होतो.

आम्हाला वाचवलं चंदाबाई आत्यांनी. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. व्याही आले आहेत असं शेजारणीकडून कळल्यावर त्या बोलावणं नसताना आल्या (एरवी त्यांच्या या सवयीवर मी पुष्कळ बोललो आहे, ते सगळं मागे घेतो). तोंडात फुटाणे होते. दारातूनच त्यांनी कमरेचा बटवा काढला, अख्खी सुपारी दाढेखाली धरली आणि कडाडकन फोडली. व्याही दचकले. म्हणाले, "आत्याबाई, तुमच्या तोंडात दात नाही असं ऐकलं होतं." आत्या त्यांच्यासमोर बसल्या, तोंड उघडून दाखवलं आणि म्हणाल्या, "कोन्या मेल्यानं सांगतलं? दोन पडले, तेबी भांडनात." मग त्यांनी स्वतःच पानं मांडायला सांगितली, व्याह्यांना हाताला धरून बसवलं आणि त्यांच्या पंगतीला बसून पाच पुरणपोळ्या तुपासकट खाल्ल्या. तिसऱ्या पोळीला व्याह्यांचा चेहरा निवळला. चौथ्या पोळीला त्यांनी स्वतःसाठी आणखी एक मागितली. मी हळूच सगळी हकिकत सांगितली, तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि ते पाणी प्याले. आमच्या घरचं पाणी. मला बरं वाटलं.

पण ते धंद्यातले आहेत, नुसत्या हसण्यावर सौदा सोडणारे नाहीत. निघताना जोडे घालता घालता म्हणाले की आजारांचं कळलं, पण पोरीचे मामा साखरपुड्यालाही दिसले नाहीत, बैठकीलाही नाहीत. त्यांचं नाव काढलं की तुमच्या घरात सगळे गप्प होतात. त्यांना काही दुखणं-बिखणं आहे का? माझ्या तोंडून निघालं, छे, मामांची तब्येत अशी आहे की तुम्ही लग्नाच्या पंगतीत बघालच. ते म्हणाले, मग मी त्यांच्याच शेजारी बसेन. आणि गेले.

दुसऱ्या दिवशी इंद्रभानला बोलावलं आणि यादी उलटी वाचली. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, आता तो मारुती तरी धड व्हावा म्हणून मी एकेकाचं पान जड करायला सांगत होतो. अमरावतीचे चुलतभाऊ जड. त्यांच्या बायका जड. अकोल्याच्या मावशी जड, आणि आत्यांची दोन पानं धर. तो काही ठिपके हलवेना. म्हणाला, "चार दिवसांत अख्खं खानदान बरं झालं? कोन्या देवाले गेले होते?" मग मी सगळं खरं सांगितलं. तो रागावेल असं वाटलं होतं. तो रागावला नाही, फरशीवरचे ठिपके धोतराच्या सोग्याने पुसले आणि म्हणाला की आता जड-हलकं काही नको, सरसकट तीन रुपये, सूर्याचे दोन गडी त्यातच. जिलेबी, बुंदी, पुरी, दोन भाज्या, कढी, वरण-भात. मी सवयीने पावणेतीन म्हणालो. त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मीच तीन म्हणालो. माझ्या चाळीस वर्षांच्या धंद्यात समोरच्याने भाव न वाढवता मी वाढवल्याची ही पहिली वेळ.

तर भाव असा ठरला. एवढंच कळवायचं होतं. मानोऱ्याकडे कोणाचं लग्न असल्यास इंद्रभानचं नाव सुचवावं, माणूस भरवशाचा आहे. सौ. कंचनवहिनींना जयजिनेंद्र, मुलांना आशीर्वाद.

आपला
लखमीचंद

ता. क. व्याही तुमच्या शेजारी बसायचं म्हणत आहेत, हे वर लिहिलंच आहे. तेव्हा तीस तारखेला तुम्ही यावं आणि त्यांच्यासमोर पोटभर जेवावं, एवढी विनंती. हा निव्वळ कामाचा भाग आहे. तुम्ही आला नाहीत तर ते समजतील की मामा अंथरुणाला खिळलेले आहेत आणि पुन्हा वैद्यबुवांकडे चौकशी सुरू होईल. येताना वहिनींनाही आणावं, त्यांचं जेवण मध्यम असलं तरी चालेल.

ता. क. दुसरा. वर सगळं लिहिलं पण एक राहिलं, ते लिहायला दोन दिवस हात वळला नाही. ती उलटी यादी संपताना मी इंद्रभानला तुमचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "त्याईच्या पानाचे पैशे मी घेत नाई." का म्हणून विचारलं तर सांगेना. फार आग्रह केला तेव्हा बोलला. पद्माच्या लग्नात महाराजांच्या हाताखाली जिलेबीच्या भट्टीवर तोच होता. पीठ जास्त आंबलं होतं, पहिला घाणा काळा पडला, कडू-आंबट झाला. तीस जिलेब्या. महाराजांना कळलं असतं तर त्याची मजुरी गेली असती आणि वाढल्या असत्या तर माझी अब्रू. तो त्या मागच्या उकिरड्यावर टाकायला निघाला होता, तेव्हा तुम्ही त्याला अडवलंत. पाकाला मुंग्या लागतील आणि मरतील, टाकू नको, व्याह्यांच्या पानातही जाऊ देऊ नको, माझ्या पानात वाढ आणि लखमीचंदला बोलू नको, असं तुम्ही त्याला म्हणालात. बावीस तुम्ही खाल्ल्यात. उरलेल्या आठ त्याने खाल्ल्या आणि दोन दिवस त्याला उठता आलं नाही. बावीस खाऊन तुम्ही मानोऱ्यापर्यंत एस.टी.त कसे बसलात याची मला कल्पनाही करवत नाही.

मी मोजत होतो आणि तुम्ही माझी अब्रू राखायला खात होतात. पाच वर्षं तुम्ही तोंडातून शब्द काढला नाहीत, बहिणीलासुद्धा सांगितलं नाहीत. खेमचंदभाऊ, माझं चुकलं. व्याही शेजारी बसोत न बसोत, तुम्ही या. त्रिशला म्हणते की मामा आले नाहीत तर ती दुसऱ्या कोणाचा हात धरून मांडवात येणार नाही, आणि ती बोलल्याप्रमाणे करणारी आहे. पंगतीत मी त्या दिवशी वाढायला राहीन, आणि तुमच्या पानाकडे पाठ करून उभा राहीन.

भाऊ, गुलाबचा नमस्कार. पत्र डाकेत टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून चार ओळी माझ्या. "माझं चुकलं" हे यांनी लग्नाच्या सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा लिहिलं आहे. हे पत्र फाडू नको. येताना आठवणीने घेऊन ये, नाहीतर हे नंतर कबूल करायचे नाहीत.